काचेवरचा कंप

खगोलशास्त्राच्या इतिहासात १९९५ या वर्षाला विशेष स्थान आहे. त्या वर्षी ६ ऑक्टोबर रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे भरलेल्या परिषदेत मिशेल मायॉर आणि दिदिए केलो या दोन स्विस शास्त्रज्ञांनी महाश्व तारकासमूहातील एका ताऱ्याभोवती ग्रह फिरत असल्याचे जाहीर केले. सूर्यासारख्या दुसऱ्या एखाद्या ताऱ्याला ग्रह असल्याचा तो पहिला निर्विवाद पुरावा होता, आणि त्याबद्दल २०१९ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकही मिळाले. त्याच वर्षी, या घोषणेच्या साडेचार महिने आधी, १८ मे रोजी ॲम्स्टरडॅम येथे ९३ वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ निवर्तले. त्यांचे नाव पीटर व्हान डी कॅम्प. परक्या ताऱ्यांचे ग्रह हुडकण्यात त्यांचे अवघे आयुष्य गेले होते. १९६३ मध्ये असा ग्रह सापडल्याचे त्यांनी जाहीर केले, दहा वर्षे जगाने ते मानले आणि नंतर नाकारले. ते स्वतः मात्र आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले.

यशस्वी शोधांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसरे गृहस्थ आहेत. त्यांचे काम ज्या ठिकाणी फसले, ते ठिकाण मला त्यांच्या काळातील अनेक यशांपेक्षा अधिक अभ्यासनीय वाटते.

आधी अडचण समजून घेतली पाहिजे. तारा स्वयंप्रकाशी असतो. ग्रहाजवळ उसना उजेड. त्यातून ग्रह ताऱ्याच्या इतका निकट असतो की, दूरवरच्या दुर्बिणीला त्याचे अस्तित्व जाणवणे जवळजवळ अशक्य. दीपस्तंभाच्या झोताशेजारी बसलेला काजवा समुद्रातल्या गलबतावरून दिसावा, अशी ती अपेक्षा आहे. तेव्हा ग्रह पाहण्याचा नाद सोडून ताऱ्याकडेच पाहायचे, ही युक्ती खगोलशास्त्रज्ञांनी काढली. जत्रेत बाप आपल्या लेकराचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवतो, तेव्हा तोल सांभाळण्यासाठी बापालाही थोडे मागे रेलावे लागते. लेकरू अंधारात असले, दिसत नसले, तरी बापाच्या त्या रेलण्यावरून कोणीतरी त्याच्या हाताला धरून फिरत आहे हे ओळखता येईल. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो. वस्तुतः दोघेही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. म्हणून ज्या ताऱ्याला ग्रह आहे, त्याचा आकाशातील मार्ग सरळ रेषेसारखा न राहता किंचित नागमोडी व्हायला हवा.

ही युक्ती निव्वळ कल्पनेतली नव्हती. जर्मन शास्त्रज्ञ बेसेल यांनी १८४४ मध्ये व्याध आणि प्रश्वा या दोन ठळक ताऱ्यांच्या गतीतील हेलकाव्यावरून त्यांना अदृश्य सोबती असल्याचे सांगितले होते. व्याधाचा सोबती १८६२ मध्ये दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसला. तो ग्रह नव्हता, एक विझत चाललेला जड तारा होता. परंतु पद्धत खरी ठरली. सोबती तारा जर असा सापडतो, तर अधिक बारकाईने मोजल्यास ग्रह का सापडू नये?

हा प्रश्न मनात धरून ज्यांनी पहिला दावा केला, त्यांचा आपल्या महाराष्ट्राशी, त्यातही पुण्याशी, जवळचा संबंध होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. विल्यम स्टीफन जेकब हे इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्स या पलटणीत अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानात आले. तारे पाहण्याचे त्यांना इतके वेड होते की, १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वखर्चाने वेधशाळा उभारली, आणि तेथून वेध घेतलेल्या २४४ जोडताऱ्यांची सूची सिद्ध केली. १८४८ मध्ये ते मद्रासच्या वेधशाळेचे संचालक झाले. भुजंगधारी तारकासमूहात सत्तर क्रमांकाचा एक जोडतारा आहे. त्यातील दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. या फेरीचे गणित आणि प्रत्यक्ष वेध जुळत नाहीत, असे जेकब यांच्या ध्यानात आले. या जोडीत ग्रहासारखी एखादी वस्तू असणे बरेच संभवनीय आहे, असे त्यांनी १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. मोजमापांच्या आधारे केलेला या प्रकारचा हा बहुधा पहिलाच दावा. ज्या काळात परक्या ताऱ्यांच्या ग्रहांविषयी केंब्रिजचे विद्वान धर्मोपदेशक ह्यूएल आणि त्यांचे प्रतिपक्षी ब्रूस्टर हे ग्रंथांमागून ग्रंथ लिहून वाद घालीत होते, त्या काळात हा कॅप्टन मद्रासच्या दमट हवेत बसून अंश, कला, विकला मोजत होता, हे विशेष.

मद्रासची हवा त्यांना मानवली नाही. प्रकृतीने साथ सोडली आणि १८५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तथापि दक्षिणेचे स्वच्छ आकाश त्यांच्या मनातून गेले नाही. पुण्याच्या परिसरात उंच डोंगरावर वेधशाळा उभारण्याची योजना त्यांनी मांडली, ब्रिटिश पार्लमेंटने तीसाठी एक हजार पौंड मंजूर केले, आणि स्वतः विकत घेतलेली नऊ इंची दुर्बीण घेऊन ते १८६२ च्या ८ ऑगस्टला मुंबई बंदरात उतरले. आठच दिवसांनी, १६ ऑगस्टला, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. ती डोंगरावरची वेधशाळा त्यांच्याबरोबरच संपली.

त्यांचा ग्रह मात्र संपला नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेतील टी. जे. जे. सी या शास्त्रज्ञांनी त्याच जोडताऱ्यात ३६ वर्षांत फिरणारी काळोखी वस्तू असल्याचे सांगितले. अशी रचना टिकूच शकत नाही, असे मोल्टन या तरुण गणितज्ञाने १८९९ मध्ये सिद्ध केल्यावर सी महाशयांनी इतक्या कडवट भाषेत उत्तर दिले की, संबंधित नियतकालिकाने त्यांच्यासाठी आपली दारेच बंद केली. १९४३ मध्ये पुन्हा दुसऱ्या दोघांना तेथे ग्रह दिसला. तोही नंतर नाहीसा झाला. थोडक्यात, शंभर वर्षांच्या आत एकाच जोडताऱ्यात तीनदा ग्रह सापडला आणि तीनदा हरवला. या क्षेत्राची ही कुंडली पाहता, कोणा शहाण्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. व्हान डी कॅम्प गेले.

त्यांचा जन्म हॉलंडमधील कॅम्पेन गावी २६ डिसेंबर १९०१ रोजी झाला. उट्रेख्टला शिक्षण आणि ग्रोनिंगेनला काही काळ उमेदवारी झाल्यावर १९२३ मध्ये ते अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या मॅककॉर्मिक वेधशाळेत दाखल झाले. कॅलिफोर्निया आणि ग्रोनिंगेन अशा दोन विद्यापीठांची डॉक्टरेट त्यांनी लागोपाठ दोन वर्षांत मिळवली. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयाच्या स्प्राउल वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले आणि १९७२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे ३५ वर्षे, ते तिथेच राहिले. स्वार्थमोर हे क्वेकर पंथीयांनी स्थापन केलेले लहानसे महाविद्यालय. तिथे सर्वांत मोठ्या दुर्बिणींशी स्पर्धा करण्याची ऐपत नव्हती. चोवीस इंच व्यासाचे भिंग असलेली, सुमारे ३६ फूट लांबीची एक चांगली दुर्बीण होती, आणि घाई नव्हती. व्हान डी कॅम्प यांनी या दोन्हींचा उपयोग करून घेतला. मोठ्या वेधशाळांमध्ये शास्त्रज्ञ आठवडाभराची पाळी घेऊन येतो व जातो. एकाच ताऱ्याकडे चाळीस वर्षे पाहण्याची मुभा त्याला कोण देणार? असे काम लहान संस्थेतच होऊ शकते, हे त्यांनी नेमके हेरले.

माणूस हौशी होता. पियानो उत्तम वाजवीत, व्हायोलिनच्या कुळातील वाद्येही वाजवीत, स्वतः रचना करीत. महाविद्यालयाच्या वाद्यवृंदाचे ते दहा वर्षे संचालक होते. चार्ली चॅप्लिनचे मूकपट विद्यार्थ्यांना दाखवताना स्वतः पियानोवर साथ करण्याची त्यांना आवड होती. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, पुढील हकीकतीवरून ते हेकट, एककल्ली असावेत अशी कोणाची समजूत व्हायची. सहकाऱ्यांच्या स्मरणात त्यांची प्रतिमा तशी नव्हती.

आता त्या ताऱ्याकडे वळू. एडवर्ड बर्नार्ड या अमेरिकन वेधकाला १९१६ मध्ये भुजंगधारी तारकासमूहात एक मंद, तांबूस तारा विलक्षण वेगाने सरकताना आढळला. ‘विलक्षण’ हा शब्द येथे ताऱ्यांच्या मानाने घ्यायचा: वर्षाला दहा विकलांहून थोडे अधिक. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतके अंतर कापायला त्याला सुमारे १७५ वर्षे लागतील. तरीही ज्ञात ताऱ्यांमध्ये आकाशात सर्वांत भरभर सरकणारा तो हाच. आपल्यापासून तो केवळ सहा प्रकाशवर्षांवर आहे, आणि वजनाने सूर्याच्या एकषष्ठांशाहूनही कमी. जवळचा आणि हलका: ग्रहाच्या ओढीने डोलणारा तारा शोधायचा तर याहून सोयीचा कोणता? योगायोग असा की, जेकब यांचा जोडतारा आणि बर्नार्डचा हा तारा आकाशात एकमेकांपासून जेमतेम तीन अंशांवर आहेत. कॅप्टन जेकब यांनी आपल्या दुर्बिणीतून जो प्रदेश वारंवार न्याहाळला, त्याच्या उंबरठ्यावरच व्हान डी कॅम्प यांचा तारा अनाम अवस्थेत होता.

१९३८ पासून स्प्राउल वेधशाळेत या ताऱ्याची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ झाला. त्या काळी ताऱ्यांची छायाचित्रे काचेच्या तबकड्यांवर घेत. दर वर्षी रात्रीमागून रात्री काचा तयार होत. पुढे त्यांची संख्या काही हजारांच्या घरात गेली. पण छायाचित्र घेणे हा कामाचा सोपा भाग. प्रत्येक काच सूक्ष्मदर्शकाखाली मोजयंत्रावर ठेवायची, बर्नार्डच्या ताऱ्याचा ठिपका आसपासच्या मोजक्या दूरस्थ ताऱ्यांच्या ठिपक्यांपासून किती अंतरावर आहे ते नोंदवायचे. मग त्यातून ताऱ्याची स्वतःची गती वजा करायची, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून दर वर्षी दिसणारे स्थलांतर वजा करायचे, आणि जे उरेल त्यात ग्रहाची खूण शोधायची. उरत होते ते किती? काचेवर सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस त्याच्या पन्नास-साठपट तरी जाड असतो.

एवढे सूक्ष्म अंतर मोजताना मोजणाऱ्याच्या डोळ्याची खोड आड येते. कोणी ठिपक्याचा मध्य किंचित डावीकडे धरतो, कोणी उजवीकडे. यासाठी व्हान डी कॅम्प यांनी एकच काच अनेक जणांकडून, प्रसंगी दहा-दहा जणांकडून, मोजवून घेतली आणि सरासरी काढली. मनुष्याच्या चुकीविरुद्ध त्यांनी इतका कडेकोट बंदोबस्त केला होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा संदर्भ पुढे येणार आहे.

पंचवीस वर्षे काम केल्यानंतर, १९६३ मध्ये, त्यांनी निष्कर्ष जाहीर केला: बर्नार्डच्या ताऱ्याला गुरूच्या सुमारे १.६ पट वस्तुमानाचा एक ग्रह असून तो २४ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली, पाठ्यपुस्तकांत तिचा समावेश झाला. ६१ हंस या ताऱ्याबद्दल किंवा लालांद यांच्या सूचीतील एका ताऱ्याबद्दल याच वेधशाळेतून आधी असेच दावे झाले होते, पण त्यांना एवढा मान मिळाला नव्हता. १९६९ मध्ये त्यांनी गणित सुधारले आणि एका ग्रहाऐवजी जवळजवळ वर्तुळाकार कक्षांत फिरणारे दोन ग्रह मानले तर वेध अधिक नीट जुळतात, असे मांडले. एकाचा काळ २६ वर्षे, दुसऱ्याचा १२. आपल्या गुरू-शनीची आठवण करून देणारी ही जोडी सर्वांनाच पसंत पडली. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ मध्ये ‘डेडलस’ नावाच्या मानवरहित आंतरतारकीय यानाचा आराखडा करण्यास घेतला, तेव्हा त्याचे गंतव्यस्थान म्हणून निवडला तो बर्नार्डचाच तारा.

त्याच १९७३ साली दोन निबंध प्रसिद्ध झाले.

पहिला जॉर्ज गेटवुड आणि हाइनरिख आइकहॉर्न यांचा. गेटवुड हे पिट्सबर्गचे तरुण संशोधक. त्यांनी स्प्राउलची एकही काच वापरली नाही. ॲलेघेनी आणि व्हान व्ह्लेक या दुसऱ्या दोन वेधशाळांच्या काचा घेतल्या, त्या यंत्राने मोजल्या, आणि हेलकावा शोधला. तो मिळाला नाही. शोध असफल झाल्याचे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच नमूद केले.

दुसरा निबंध अधिक जिव्हारी लागणारा होता, कारण तो घरातून आला. जॉन हर्शी हे स्प्राउल वेधशाळेतलेच शास्त्रज्ञ. त्यांनी आपल्याच दुर्बिणीने घेतलेल्या काचांवर दुसऱ्या एका ताऱ्याचा, बर्नार्डच्या ताऱ्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका लाल बटुताऱ्याचा, अभ्यास केला. या ताऱ्याच्या मार्गात त्यांना १९४९ च्या आणि १९५७ च्या सुमारास झटका बसल्यासारखे बदल दिसले. बर्नार्डच्या ताऱ्याच्या मार्गात ज्या वर्षी वळण होते, त्याच वर्षी याच्याही मार्गात वळण. आकाशाच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांतले दोन तारे एकाच साली, ठरवून, एकसारखे कसे वळतील? वेधशाळेची दप्तरे पाहिली तर उलगडा झाला. १९४९ मध्ये दुर्बिणीचे भिंग ज्या कड्यात बसवलेले असते, ते जुने कडे काढून नवे बसवले होते. १९५७ मध्ये भिंगाची जुळणी पुन्हा थोडी बदलली होती. साफसफाई, दुरुस्ती, सुधारणा, अशा अत्यंत स्तुत्य हेतूंनी केलेली कामे. भिंग आपल्या जागी किंचित जरी हलले, तरी काचेवरील सगळ्या ताऱ्यांच्या प्रतिमा सारख्याच प्रमाणात हलत नाहीत. तेजस्वी आणि मंद, तांबड्या आणि पांढऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत हा फरक निरनिराळा असतो. बर्नार्डचा तारा तांबडा, त्याच्या तुलनेसाठी घेतलेले तारे तसे नव्हते. डोलत होते ते भिंग.

मघाशी सांगितलेल्या दहा मोजणाऱ्यांची आठवण येथे होते. दहांच्या जागी शंभर जण बसवले असते तरी हा दोष सापडला नसता, कारण प्रत्येकाच्या हाती पडणारी काच त्याच भिंगातून आली होती. व्हान डी कॅम्प यांची सारी दक्षता माणसाच्या चुकीविरुद्ध होती. उपकरणावर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या कामाचे वैभव, म्हणजे एकच दुर्बीण, एकच तारा आणि अखंड चाळीस वर्षे, हेच त्यांच्या चुकीचेही मूळ ठरले. या गोष्टीला बेपर्वाई म्हणता येणार नाही. सलग वेधमाला हवी म्हणून त्यांनी दुसऱ्या दुर्बिणीची सरमिसळ टाळली होती, आणि दोष उघडकीस आणू शकणारी एकमेव वस्तू म्हणजे दुसरी दुर्बीण होती.

व्हान डी कॅम्प यांनी हे मान्य केले का? अर्धे केले. १९५० पूर्वीच्या काचा त्यांनी बाजूला ठेवल्या, उरलेल्यांवर नव्याने गणित केले आणि १९७५ मध्ये पुन्हा दोन ग्रह जाहीर केले, पूर्वीपेक्षा हलके. १९८२ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी आणखी एकदा तेच प्रतिपादन केले. त्यांच्यानंतर स्प्राउलची धुरा सांभाळणारे वुल्फ हाइन्झ हे जोडताऱ्यांचे जाणकार अभ्यासक. १९७६ पासून त्यांनी या ग्रहांविरुद्ध लिहिण्यास सुरुवात केली, आणि दोघांमधला स्नेह आटला असे सांगतात. हेच हाइन्झ १९८८ मध्ये जेकब यांच्या जोडताऱ्यातील उरल्यासुरल्या ग्रहाचाही निकाल लावणार होते. निवृत्तीनंतर व्हान डी कॅम्प मायदेशी हॉलंडला परतले. एका लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. आयुष्यभर ग्रह शोधणाऱ्या माणसाला आपल्याच सूर्याच्या अंगणातला एक खडक मिळावा, यात कोणाला उपरोध दिसेल; मला तो आदरच वाटतो.

त्यांच्या हट्टाचे मूल्यमापन करताना बहुतेक जण एक दुसरा प्रसंग शेजारी ठेवतात, आणि तो ठेवण्याजोगा आहे. इंग्लंडचे अँड्र्यू लाइन यांनी १९९१ च्या जुलैमध्ये एका स्पंदक ताऱ्याभोवती सहा महिन्यांत फिरणारा ग्रह सापडल्याचे जाहीर केले. त्याविषयी अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांच्या अॅटलांटा येथील अधिवेशनात बोलण्याचे त्यांना निमंत्रण होते. मध्यंतरी त्यांना आपली चूक उमगली: पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही, हे गणितात नीट धरले गेले नव्हते, तो सहा महिन्यांचा ग्रह म्हणजे आपल्या पृथ्वीच्याच चालीची सावली होती. १९९२ च्या जानेवारीत शेकडो शास्त्रज्ञांपुढे उभे राहून त्यांनी ते स्पष्ट शब्दांत सांगितले. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याच अधिवेशनात अलेक्झांडर व्होलश्चान यांनी दुसऱ्या एका स्पंदकाचे दोन ग्रह सादर केले, आणि ते खरे ठरले.

लाइन यांचे धैर्य वादातीत आहे. परंतु ही तुलना करताना काही गोष्टी निसटतात, असे वाटते. लाइन यांचा ग्रह सहा महिन्यांचे अपत्य होता, आणि चूक अशी होती की एकदा दिसली की तिच्याबद्दल दुमत संभवत नाही. व्हान डी कॅम्प यांच्यासमोर तसे एकच ठळक विधान नव्हते. दोषी काचा वगळल्यावरही त्यांना काचांवर काहीतरी उरलेले दिसत होते, आणि उरलेल्या त्या सूक्ष्म अंशात ग्रह आहे की आणखी एखादा दोष, हे ठरवायला त्यांच्यापाशी पुन्हा तीच दुर्बीण होती. पस्तीस वर्षे, पन्नासेक वेधकांच्या रात्री, हजारो काचा यांच्यावर एका वाक्याने काट मारणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येते. तरीसुद्धा १९८२ चा निबंध त्यांनी लिहायला नको होता, असे म्हणावेच लागते. गेटवुड यांच्या काचा तोवर नऊ वर्षे उपलब्ध होत्या.

मायॉर आणि केलो यांनी निराळा मार्ग धरला. तारा आकाशात बाजूला किती सरकला हे न पाहता तो आपल्याकडे किती वेगाने येतो व आपल्यापासून किती वेगाने जातो, हे त्यांनी ताऱ्याच्या वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून मोजले. त्यांचा ग्रह गुरूच्या सुमारे निम्म्या वस्तुमानाचा, आणि त्याचे वर्ष केवळ चार दिवसांचे. गुरूसारखा ग्रह म्हणजे त्याला बारा वर्षे लागणारच, या गृहीतकावर बसलेल्या कोणालाही तो सापडला नसता. त्यांनीही जाहीर करण्यापूर्वी ताऱ्याचा दुसरा वेधहंगाम येईपर्यंत थांबून पुन्हा मोजले, आणि लगेच अमेरिकेतील दुसऱ्या गटाने दुसऱ्या दुर्बिणीने त्याला दुजोरा दिला. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत अशा परक्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली.

आणि बर्नार्डचा तारा? त्याचीही कथा संपली नव्हती. हबल दुर्बिणीच्या वेधांनी १९९९ मध्ये गुरूएवढ्या ग्रहांची शक्यता जवळजवळ निकालात काढली. २०१८ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने तिथे पृथ्वीच्या तिप्पट वस्तुमानाचा, २३३ दिवसांचा ग्रह असल्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये तो ताऱ्याच्याच पृष्ठभागावरील डागांचा व चलबिचलीचा खेळ असल्याचे दाखवण्यात आले. साठ वर्षांनी, अद्ययावत साधनांनिशी, त्याच ताऱ्याने पुन्हा एकदा हूल दिली. अखेर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चिली देशातील अतिविशाल दुर्बिणीवरील यंत्राने एक ग्रह पक्का पकडला: वस्तुमान पृथ्वीच्या दोन-पंचमांशाहूनही कमी, वर्ष सव्वातीन दिवसांहूनही लहान. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई बेटांवरील दुसऱ्या दुर्बिणीच्या वेधांवरून तिथे असे चार ग्रह असल्याचे निश्चित झाले. चारही पृथ्वीहून हलके. सर्वांत बाहेरच्या ग्रहाचेही वर्ष सात दिवसांच्या आत. व्हान डी कॅम्प यांच्या काचांवर या ग्रहांची खूण कधीच उमटली नसती. त्यांच्या ओढीने तारा जेवढा डोलतो, ते अंतर त्या एका मायक्रॉनच्याही हजारो पटींनी लहान आहे.

स्प्राउलची चोवीस इंची दुर्बीण २०१७ मध्ये स्वार्थमोरहून उतरवून आर्कान्सास राज्यात नेण्यात आली. भुजंगधारी तारकासमूह आपल्याकडे मे महिन्याच्या उत्तररात्री माथ्याजवळ येतो आणि पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरच्या तिन्हीसांजेनंतर पश्चिमेकडे कललेला दिसतो. जेकब यांचा जोडतारा अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी, एका मंद ठिपक्याच्या रूपात, ओळखता येतो. त्याच्याभोवती अद्याप एकही ग्रह सिद्ध झालेला नाही. बर्नार्डचा तारा त्याच्या थोडासा वर, वायव्येस आहे. त्यासाठी मात्र लहानशी का होईना, दुर्बीण लागते.